दोन घरांचा एक क्युबिलिन

हापालाम्पी, १५ सप्टेंबर २००१

तीर्थरूप हेल्वीताईस,

धाकट्या तैमीचा साष्टांग नमस्कार. (गुडघ्यांनी संप पुकारल्यामुळे तो खुर्चीत बसूनच घातला आहे, पण आडवी पडून घातला असं समजून घ्यावं.) तुझी तब्येत कशी आहे? कंबर काय म्हणते? राउनो, त्याची बायको, नातवंडं सगळी खुशाल ना? उत्तर मला पाठ आहे म्हणा. गेली सदतीस वर्षं तुझं नाताळचं कार्ड येतं आणि त्यावर एकच ओळ असते, 'आम्ही ठीक, तुम्हीही असाल.' एइनो गेला त्या वर्षीसुद्धा तू 'आम्ही ठीक' असंच लिहिलंस, आणि माझा मेहुणा वारला हे मला पोस्टातल्या बाईकडून कळलं. इकडे सगळे ठीक आहेत. असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. खरं काय ते पुढे येईलच, आणि ते एका ओळीत मावणारं नाही, त्यामुळे चष्मा शोध, कॉफी ठेव आणि पाय वर घेऊन बस.

एक आधीच सांगून टाकते, नाहीतर तू म्हणशील की तैमीने नेहमीसारखं गोल गोल फिरवून शेवटी पायावर धोंडा टाकला. या पत्रात व्हिएनोचं नाव येणार आहे. त्रेचाळीस वर्षांत आपण दोघींनी ते एकमेकींजवळ काढलेलं नाही. साडेतीन वर्षांची पोर तू पुरलीस, वर 'आईनेच पोटाला दिलं नाही' असा बोल लोकांनी तुला लावला, आणि सहा वर्षांनी तू नि एइनो सामान बांधून स्वीडनच्या बोटीत बसलात ते परत या गावात पाऊल टाकलं नाहीत. ती का गेली ते आता कळलं आहे. तुझी काडीइतकी चूक नव्हती हे आता चक्क डॉक्टर म्हणतात. नाव दिसताच पत्र चुलीत घालावंसं वाटेल, पण एवढं वाचलंच आहेस तर शेवटपर्यंत वाच. सरळ मुद्द्यावर यायला मी काही हेलसिंकीची नाही, सावोतली आहे, त्यामुळे जरा वळसा पडेल.

वळसा आपल्या दोन घरांपासून सुरू होतो. वरचं घर (म्हणजे आपलं, टेकडीवरचं) आणि खालचं घर (तळ्याकाठचं, तुझं सासर) यांच्यात विस्तव जात नाही हे तुला मी काय सांगणार? दोघांचंही आडनाव तोर्विनेन, दोघांची शेतं लागून, दोघांच्या बटाट्यांना एकाच वर्षी कीड लागते, पण नातं विचाराल तर दोघेही कानावर हात ठेवणार. आपण म्हणायचं की खरे तोर्विनेन आम्ही, खालचे कुठून तरी आले आणि आमचं नाव लावून बसले. ते नेमकं हेच आपल्याबद्दल म्हणतात. तू एइनोशी लग्न केलंस तेव्हा बाबा तीन आठवडे तुझ्याशी बोलले नव्हते. (ते एरवीही फारसे बोलत नसत, त्यामुळे ते रागावले आहेत हे आईला दुसऱ्या आठवड्यात समजलं.) तर तुझ्यानंतर तेच धाडस माझ्या तुओमोने केलं. त्याने खालच्या घरची मार्यात्ता पसंत केली. मार्यात्ता म्हणजे केर्त्तूची मुलगी. केर्त्तू, तुझी नणंद, हो, तीच, दारात उभी राहिली की दार दिसत नाही ती. म्हणजे आता ती माझी विहीण. लग्नात दोन घरांनी दोन वेगवेगळे केक आणले आणि पाहुण्यांनी कुठला आधी खाल्ला याची नोंद दोन्ही बाजूंनी डोळ्यात तेल घालून ठेवली.

या दोघांना चार वर्षांपूर्वी मुलगी झाली, सेल्मा. पोर गोड, डोळे मोठे, पण दोन वर्षांची झाल्यावर रंग उडायला लागला. आधी आम्ही म्हटलं, हिवाळा आहे, इथे सगळेच पांढरे. मग उन्हाळा आला तरी ही पांढरीच, वर किंचित पिवळी, जुन्या पडद्यासारखी. जेवेना. जीभ लाल, 'झोंबतं' म्हणायची. चार पावलं चालली की बसायची. सर्दी एक गेली की दुसरी. ताई, हे वाचताना तुला काय आठवत असेल ते मला माहीत आहे. मलाही तेच आठवलं, पहिल्याच दिवशी आठवलं, पण तोंडातून शब्द काढला नाही. केर्त्तूलाही आठवलं असणार. आम्ही दोघी पोरीच्या दोन बाजूंना बसून हवामानावर बोलायचो.

पण गप्प बसणं वेगळं आणि हात बांधून बसणं वेगळं. रक्त कमी आहे म्हटल्यावर वरच्या घराने कलेजी हाती घेतली. मी भात, गुळाचा पाक आणि मनुका घालून भाजलेली कलेजी करते ते तुला ठाऊक आहे (आईचीच कृती, फक्त मी कांदा जास्त घालते). रोज एक थाळी खाली पाठवायला लागले. हे कळल्यावर केर्त्तूच्या पोटात दुखलं. तिने खाटकाकडच्या रक्ताची धिरडी सुरू केली, वर लिंगनबेरीचा मुरांबा. मग मी सकाळीही कलेजी पाठवली. तिने संध्याकाळी दुप्पट धिरडी केली. आमच्या दोघींच्या स्पर्धेत त्या हिवाळ्यात गावातला खाटीक नवी गाडी घेऊन बसला. पोर मात्र दिवसेंदिवस फिकी, आणि कुत्रा दिवसेंदिवस तुकतुकीत. मार्यात्ताच्या लक्षात आलं की टेबलाखाली निम्मा माल कुत्र्याच्या पोटात जातो. मग आम्ही कुत्र्याला बाहेर बांधलं आणि पोरीला मांडीवर घेऊन भरवायला लागलो. ती रडत गिळायची. चार महिने रोज. हे मी थट्टेत लिहिते आहे खरी, पण तिचा तो घास तोंडात धरून बसलेला चेहरा आठवला की मला माझाच राग येतो.

गावच्या दवाखान्यात नेलं तर तिथल्या शहाण्याने लोहाचं औषध दिलं. त्याने पोरीचे दात काळे झाले, बाकी काही नाही. मग केर्त्तूने तुंबडी लावणारी म्हातारी बोलावली. सॉना तापवला, म्हातारी शिंगं घेऊन हजर, म्हणे वाईट रक्त काढून टाकलं की चांगलं आपोआप तयार होईल. म्हणजे जिच्या अंगात मुळात रक्तच नाही तिचंच काढायचं, काय डोकं आहे बघ. मार्यात्ताने पोरीला कडेवर घेतलं आणि सॉनाचं दार बाहेरून लावून टाकलं. आत केर्त्तू आणि म्हातारी अर्धा तास घाम गाळत होत्या. मी म्हटलं, जाऊ दे, तापवलेला सॉना वाया नाही गेला. त्या दिवसापासून सून मला आवडायला लागली.

दुसऱ्याच दिवशी ती पोरीला घेऊन शहरातल्या मोठ्या इस्पितळात गेली. तिथे डॉक्टर हॉल्मलुंड म्हणून एक बाई आहेत, किनाऱ्याकडच्या, उंच, शांत, आपली भाषा पुस्तकातल्यासारखी बोलणाऱ्या. त्यांनी रक्त तपासलं, लघवी तपासली, पोरीची जीभ बघितली, आणि मग आम्हा सगळ्यांना (इस्पितळाच्या त्या खोलीत वरच्या घरचे चार आणि खालच्या घरचे पाच, कारण एक घर गेलं तर दुसरं मागे कसं राहील) एक साधा प्रश्न विचारला. आई-वडील एकमेकांच्या नात्यातले आहेत का? ताई, तिथे बॉम्ब पडला असता तर कमी आवाज झाला असता. केर्त्तूने पर्स छातीशी धरली. आपला चुलतभाऊ उर्पो (निवृत्त हेडमास्तर, आता कुळमंडळाचा अध्यक्ष, त्याला बोलावलं नव्हतं तरी आला होता) उठून उभा राहिला आणि म्हणाला की या दोन घरांत तीनशे वर्षांत काहीही संबंध नाही, हे तो लेखी द्यायला तयार आहे. डॉक्टरीण बाईंनी शांतपणे म्हटलं की लेखी नको, रक्त द्या. सगळ्यांनी दिलं. उर्पोनेही दिलं, पण बाही वर करताना असा चेहरा केला की जणू रशियनांच्या तावडीत सापडलाय.

निकाल यायला वेळ लागला. आला तेव्हा बाईंनी जे समजावलं ते मी तुला माझ्या भाषेत सांगते, चुकलं तर त्यांचं नाव घेऊ नकोस. मांसात, दुधात, माशात एक जीवनसत्त्व असतं, ब-बारा म्हणतात. रक्त तयार व्हायला ते लागतं. ते पोटातून एक सोबती घेऊन निघतं आणि आतड्याच्या पार शेवटच्या टोकाला येतं. तिथे आतड्याच्या पेशींवर एक प्रथिन बसलेलं असतं, त्याचं नाव क्युबिलिन. त्याचं काम एकच. सोबती ओळखायचा आणि दोघांना आत घ्यायचं. आपल्या तळ्याच्या चिंचोळ्या पाण्यावरचा तराफा आठव. तू या काठावर पिशवी घेऊन उभी आहेस, तिकडे घर दिसतंय, पण तराफेवाला येतच नाही. मग तू एकटी उभी असलीस काय आणि तुझ्यामागे शंभर माणसं उभी केली काय, पलीकडे कुणीच पोचायचं नाही. सेल्माचं तसं झालं होतं. तिचा क्युबिलिन जन्मापासून बिघडलेला. माझी सगळी कलेजी आणि केर्त्तूची सगळी धिरडी आतड्याच्या काठावर उभी राहून पुढे निघून गेली. उपाय काय? काठावर जायचंच नाही. सुईने सरळ मांडीत द्यायचं, आधी रोज, मग दर महिन्याला, मग दर तीन महिन्यांनी, जन्मभर. एवढंच. मी विचारलं, एवढंच? बाई म्हणाल्या, एवढंच.

पहिल्या सुईनंतर आठव्या दिवशी पोरीने स्वतःहून भाकरी मागितली. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. (कांदा चिरत होते असं सांगितलं. कुणी विश्वास ठेवला नाही, कारण ओट्यावर कांदा नव्हता.)

आता इथे कुठल्याही शहाण्या माणसांनी देवाचे आभार मानून गप्प बसायला हवं होतं. पण आपण तोर्विनेन. दोष कुणाकडून आला? आधी दोन्ही घरांनी एकमेकांवर खापर फोडून घेतलं. खालचे म्हणाले, वरच्यांची आतडी पहिल्यापासून नाजूक. उर्पो म्हणाला, खालच्यांनी शंभर वर्षं खराब मासळी खाल्ली त्याचा परिणाम. क्युबिलिन हा जणू कुणी कामचुकार गडी आहे आणि तो कुणी कामाला ठेवला यावर भांडण चाललंय असं वाटायचं. दुकानात, चर्चच्या पायऱ्यांवर, एल्कच्या शिकारीला जायच्या बैठकीतसुद्धा हेच. मग जिल्ह्याच्या वर्तमानपत्रात एक लेख आला की हा आजार जगात फार विरळा, आपल्या देशात आणि शेजारी नॉर्वेत जास्त सापडलेला, आणि विद्यापीठातले प्रोफेसर लोक आपल्याकडच्या जुन्या घराण्यांतून त्याचं मूळ शोधत असतात. झालं. एका रात्रीत वारं फिरलं. काल जो डाग होता तो आज वारसा झाला. उर्पो म्हणायला लागला की इतका प्राचीन दोष वरच्या घरासारख्या प्राचीन घराण्यातच असू शकतो, आणि केर्त्तूच्या घरजावई नवऱ्याने (ज्याचं आडनाव मुळात तोर्विनेन नाहीच) दुकानात जाहीर केलं की मूळ बिघाड खालच्या घरचा, वरच्यांनी नक्कल केली. आतड्यातल्या बिघाडाची नक्कल कशी करायची हे त्याला कुणी विचारलं नाही.

उर्पोने चर्चच्या जुन्या वह्या काढल्या. आणि सापडलं ते असं की सोळाशे नव्वदच्या सुमाराला पावो आणि हाइक्की असे दोन सख्खे भाऊ होते, मासे धरायच्या जाळ्यावरून भांडले, एक टेकडीवर गेला, एक तळ्याकाठी राहिला. संपलं. तीनशे वर्षं ज्यांनी एकमेकांना पाण्यात पाहिलं ते एकाच बापाचे. त्यातला खरा हिशोब डॉक्टरीण बाईंनी आधीच सांगितला होता. दोष एकाच बाजूने आला तर काही होत नाही, माणूस ठणठणीत राहतो, मी पासष्टची आहे आणि लाकडं फोडते. दोन्ही बाजूंनी आला तरच मूल आजारी पडतं. म्हणजे तो कुणा एका घरचा नाहीच, दोन्ही घरं एकत्र आली तरच तो दिसतो. पण असलं साधं बोलणं आमच्या पचनी पडत नाही. म्हणून मग ऑगस्टमध्ये चर्चच्या सभागृहात दोन्ही घरांची मिळून पहिली कुळसभा भरली, एकशे बारा माणसं, सात प्रकारचे गोड पदार्थ (दोन्ही घरांचे सात-सात, म्हणजे चौदा), आणि विषय काय, तर दोघा भावांच्या जागेवर दगडी पाटी बसवायची. उर्पोने मजकूर लिहून आणला होता, 'या भूमीत तोर्विनेन कुळाच्या क्युबिलिनचा उगम झाला.' हे ऐकून डॉक्टर हॉल्मलुंड यांनी (त्यांना पाहुण्या म्हणून बोलावलं होतं) रुमाल तोंडाला लावला. खोकला आला असावा.

पाटीवर वरच्या घराचं नाव आधी यावं की खालच्या, यावर पाऊण तास गेला. मग डॉक्टरीण बाई दोन शब्द बोलल्या, आजार कसा ओळखायचा ते सांगितलं. फिकी मुलं, लाल जीभ, वाढ खुंटलेली, खाऊनही अंगी न लागणारी. कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा म्हणाल्या. तुला माहीत आहे, आपल्याकडे असं विचारलं की सगळे बुटांकडे बघतात. सगळे बघत होते. तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून केर्त्तू उठली. चौऱ्याहत्तर वर्षांची, काठी टेकत. तिने विचारलं,

"आमच्या एइनोची व्हिएनो साडेतीन वर्षांची गेली. अठ्ठावन्न साली. तिचीही जीभ अशीच होती. तिला हेच होतं का हो?"

बाईंनी वही उघडली. व्हिएनोबद्दल काय काय आठवतं ते विचारलं, केर्त्तूने सांगितलं, बोट दुमडत एकेक. मग बाई म्हणाल्या की गेलेल्या मुलाबद्दल शपथेवर सांगता येत नाही, पण दोन्ही घरचं मूल, ही सगळी लक्षणं, म्हणजे बहुधा हेच. आणि सभागृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत जाईल अशा आवाजात म्हणाल्या,

"त्या आईने मुलीला कितीही खाऊ घातलं असतं तरी अंगी लागलं नसतं. तेव्हा या आजाराला नावही नव्हतं. दोन वर्षांनी मिळालं. त्या बाईंची यात काहीही चूक नव्हती."

ताई, एकशे बारा माणसं आणि एक कप वाजला नाही. उर्पोच्या हातात पाटीचा कागद तसाच. केर्त्तू उभीच होती. मग ती म्हणाली की माझ्या आईने हेल्वीला फार बोल लावले, 'पोरीच्या तोंडात घास घालायचा सोडून ही मागावर पडदे विणत बसते' हे वाक्य आमच्या घरातून गावभर गेलं, आई आता नाही, तिच्या वतीने मी माफी मागते, हेल्वी इथे नाही तरी मागते. आणि बसली. सगळ्यांनी माना हलवल्या. केर्त्तूची आई, लोवीसा म्हातारी, जिभेची तिखट होतीच, असं मागून कुणीतरी पुटपुटलं, आणि मग सगळे कॉफीकडे वळले, कारण दुसरं काय करायचं ते आपल्याकडे कुणाला शिकवलेलं नाही. केर्त्तूने कप उचलला आणि परत ठेवला. मी तिच्यासमोर वेलचीचा पाव सरकवला. तोही तिने खाल्ला नाही. कार्यवाहाने इतिवृत्तात लिहिलं, 'डॉक्टरांचं उद्बोधक भाषण झालं. प्रश्नोत्तरं झाली. कॉफी.'

तर अशी हकीकत. तुझी चूक नव्हती. हे मी तुला त्रेचाळीस वर्षांपूर्वी सांगायला हवं होतं, माहीत नसतानासुद्धा सांगायला हवं होतं, बहीण कशाला असते नाहीतर. तू तिला मांडीवर घेऊन दुधात पाव कुस्करून भरवायचीस ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. सेल्मा आता छान आहे. परवा सफरचंदाच्या झाडावर चढली आणि उतरता येईना म्हणून ओरडत बसली, अख्ख्या गावाला ऐकू गेलं. दर महिन्याला तिला सुईला मी नेते. ती रडत नाही. मी डोळे मिटून घेते आणि ती माझा हात धरते. गालावर रंग असा आहे की केर्त्तू म्हणते खालच्या घरचा, मी म्हणते वरच्या घरचा.

राउनोला आणि मुलांना आशीर्वाद. थंडीत मोजे दोन घाल. लोणी कमी खा असं डॉक्टर सांगत असतील तर ऐकू नकोस.

तुझी धाकटी,
तैमी

ता. क. हे पत्र खरं तर एवढ्यासाठी होतं की प्रोफेसरांना तुझ्या रक्ताच्या दोन छोट्या नळ्या हव्या आहेत. तिकडच्याच दवाखान्यात दिल्यास तरी चालतील, चिठ्ठी सोबत जोडली आहे. तुझ्यात दोष आढळला तर व्हिएनोचं जवळजवळ पक्कं होईल. राउनोला काळजी नाही, त्याची बायको स्वीडिश आहे, त्यांचे तराफेवाले वेगळे. मला वाटलं होतं एका ओळीत लिहून होईल.

ता. क. दुसरी. केर्त्तूला पत्र लिही. माफी तिने मागितली आहे, उत्तराची वाट बघते आहे, पोस्टातल्या बाईला रोज विचारते. पण लिहिण्याआधी पुढचं वाच.

ता. क. तिसरी. ताई, ते पडद्यांचं वाक्य लोवीसाचं नव्हतं. ते माझं होतं. व्हिएनोच्या दफनानंतरच्या कॉफीला खालच्या घरात बायका बसल्या होत्या, तू आत पडून होतीस, कुणी काही बोलत नव्हतं, कप सुद्धा वाजत नव्हते, आणि मला गप्प बसवत नाही हे तुला जन्मापासून माहीत आहे. कुणीतरी म्हणालं, एवढी पोर अशी कशी वाळली. मी बावीस वर्षांची होते. काहीतरी बोलायचं म्हणून बोलले. तुझ्यावर राग नव्हता, काही नव्हतं, फक्त ती शांतता सहन झाली नाही. दुसऱ्या दिवशी ते दुकानात होतं, तिसऱ्या दिवशी चर्चमध्ये. या पत्रात मी वर जिथे 'लोक' लिहिलं आहे तिथे माझं नाव घालून पुन्हा वाच. लोवीसा म्हातारी एकदा मला म्हणाली होती की तू असं बोलायला नको होतंस, आणि त्यानंतर मरेपर्यंत तिने कुणाला सांगितलं नाही की ते मी म्हटलं. ऑगस्टमध्ये तिची मुलगी शंभर लोकांत तिच्या नावाने माफी मागत होती तेव्हा मी मूग गिळून बसले. पाव सरकवला.

ता. क. शेवटची. पाटीचा निर्णय लागला नाही म्हणून सर्व संतांच्या दिवशी, तीन नोव्हेंबरला, पुन्हा सभा आहे. त्यात मी उठून सांगणार आहे, केर्त्तूच्या समोर, की ते वाक्य कुणाचं होतं. माफ कर असं म्हणत नाही, ते तुझं तू बघ. पण पहिल्या रांगेत तू बसशील का? बोटीतून उतरल्यावर तुओमो घ्यायला येईल, मी येत नाही, धक्क्यावर मला आधी काय बोलावं ते सुचणार नाही. तू नाही आलीस तरी सांगीन. फक्त तेव्हा आवाज फुटेल की नाही, ते आज लिहून देता येत नाही.